यंत्राची क्षमता आणि वादकाचा हात : श्रुतिपेटीपासून मॉड्युलर सिंथेसायझरपर्यंत एक ऐतिहासिक विवेचन

सारांश

स्वरनिर्मिती करणाऱ्या यंत्राने किती कामे करावीत आणि त्यांपैकी किती कामे वादकाच्या हाताच्या थेट कक्षेत ठेवावीत, हा प्रश्न आजच्या मॉड्युलर सिंथेसायझरच्या रचनाकारांपुढे ठळकपणे उभा आहे. हा प्रश्न संगणकयुगाने निर्माण केला, असा सर्वसाधारण समज आढळतो. महाराष्ट्रातील वाद्यांचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिल्यास हाच प्रश्न श्रुतिपेटी, क्लॅव्हिओलाइन, चित्रपटसंगीतातील सिंथेसायझर आणि मिरजेचा तानपुरा यांच्या संदर्भात वेगवेगळ्या रूपांत पुढे आलेला दिसतो. प्रस्तुत निबंधात या टप्प्यांचा क्रमाने परामर्श घेऊन काही निष्कर्ष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : श्रुतिपेटी, मॉड्युलर सिंथेसायझर, प्रक्रियाशक्ती, हस्तनियंत्रण, मींड, जवारी.

१. प्रस्तावना

खेड तालुक्यातील कुरुळी हे गाव पुणे-नाशिक महामार्गावर, मोशी आणि चाकण यांच्या दरम्यान येते. या पट्ट्यातील कोणत्याही यंत्रशाळेत गेल्यास संगणक-नियंत्रित लेथ किंवा मिलिंग यंत्राच्या नियंत्रणफलकावर एक गोष्ट हमखास दिसते. फलकावर पडदा असतो, अंककळा असतात आणि त्यांच्या जोडीला हाताने फिरवायचे एक छोटे चक्र, गती कमीजास्त करणारी एक घुंडी आणि यंत्र तत्काळ थांबवणारे लाल बटण असते. यंत्राचा संगणक हजारो ओळींची आज्ञावली बिनचूक पार पाडू शकतो. तरीही ही तीन साधने कोणत्याही यंत्रनिर्मात्याने काढून टाकलेली नाहीत. काम लावताना कारागिराला हत्यार धातूला कितपत टेकले आहे ते हाताने अजमावावे लागते. पडद्यावरील यादीतून पर्याय निवडून हे काम होत नाही.

यंत्रशाळेत जी बाब गृहीत धरली जाते, ती स्वरयंत्रांच्या बाबतीत मात्र पुन्हा पुन्हा विसरली गेली आहे. वाद्य जितके अधिक करू शकेल तितके ते श्रेष्ठ, असे मानून नवी वाद्ये घडवली गेली. आणि ती वादकाच्या हाती पडल्यावर त्याच्या दोन हातांना व दहा बोटांना किती पेलवेल, हा प्रश्न नंतर उपस्थित झाला. या निबंधात ‘क्षमता’ म्हणजे वाद्याला शक्य असलेल्या स्वरांची, ध्वनींची व क्रियांची एकूण संख्या, आणि ‘हस्तनियंत्रण’ म्हणजे वादन चालू असताना हाताला थेट बदलता येणाऱ्या गोष्टी, असा अर्थ अभिप्रेत आहे.

२. पेटी आणि बावीस श्रुती

हार्मोनियम हे मुळात युरोपीय वाद्य. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबाँ यांनी १८४२ मध्ये त्याचे एकस्व घेतले. मूळ वाद्यात हवा पायाने भरली जाई व दोन्ही हात वाजवण्यास मोकळे राहत. मराठी संगीत रंगभूमीने ही पायपेटी आणि ऑर्गन दीर्घकाळ जपले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी प्रचारात आणली. मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठी ती सोयीची ठरली. परंतु तिच्यात एक हात भात्यासाठी खर्ची पडला. म्हणजे वाद्याची क्षमता तीच राहिली, हाताची विभागणी मात्र बदलली. भाता धरणाऱ्या हातामुळे वादकाला नादाचा जोर क्षणोक्षणी कमीजास्त करता येऊ लागला, हा त्याचा लाभ होय.

पेटीवरील मुख्य आक्षेप तिच्या बारा ठरीव स्वरांवर होता. या आक्षेपाला यांत्रिक उत्तर देण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न दक्षिण महाराष्ट्रात झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींसंबंधीचे आपले विवेचन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. या कामात त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साहाय्य झाले. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी देवलांच्या विचारांचा पुरस्कार केला आणि त्यातून श्रुतिपेटी तयार झाली. तिच्यात एका सप्तकात बारांहून अधिक स्वरांची सोय होती. १९१६ च्या बडोदा येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत या वाद्याची चर्चा झाली. पण त्याला सर्वमान्यता लाभली नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा या श्रुतिगणितालाच विरोध होता.

या वादाची मांडणी बहुधा श्रुतींच्या गणिताच्या अंगाने होते. हाताच्या अंगाने तिच्याकडे पाहणे तितकेच उद्बोधक आहे. तीन सप्तकांच्या साध्या पेटीस, वरचा षड्ज धरून, ३७ पट्ट्या लागतात. प्रत्येक श्रुतीला स्वतंत्र पट्टी दिली तर ही संख्या ६७ होते. पट्ट्यांची रुंदी कायम ठेवल्यास सप्तक पंजात मावत नाही. रुंदी कमी केल्यास बोट शेजारच्या पट्टीवर पडते. पट्ट्या दोन-तीन थरांत मांडल्यास आयुष्यभर अंगवळणी पडलेली बोटांची चाल नव्याने शिकावी लागते. स्वरांची अचूकता वाढवताना द्रुत तानेची शक्यता घटते. गणित निर्दोष असले तरीही ही अडचण शिल्लक राहतेच.

या अडचणीचा वेगळा उलगडा जवळजवळ शतकानंतर ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांच्या २२ श्रुतींच्या हार्मोनियममध्ये दिसतो. त्यांनी पट्ट्यांची संख्या वाढवली नाही. षड्ज आणि पंचम हे अचल स्वर वगळता उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती, म्हणजे एकूण वीस आणि दोन मिळून बावीस, अशी त्यांची मांडणी आहे. पट्टीखालच्या खुंटीने त्या स्वराची हवी ती श्रुती रागानुसार आधी निवडून ठेवता येते. परिणामी वादन चालू असताना हातासमोर नेहमीच्याच बारा पट्ट्या राहतात. श्रुतींच्या संख्येबाबत कोणाचे मतभेद असू शकतील. रचनेच्या दृष्टीने मात्र हा निर्णय महत्त्वाचा आहे. कोणती निवड वादनापूर्वी करायची आणि कोणती वादनाच्या ओघात, याचा येथे विवेक केलेला आहे. आधुनिक सिंथेसायझरच्या रचनाकारांना नेमका हाच विवेक करावा लागतो.

आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ मध्ये अंशतः उठली. या तीन दशकांत महाराष्ट्रातील पेटीवादनाची परंपरा खंडित झाली नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी बारा स्वरांच्या मर्यादेतच लगावाची आणि बोटांच्या फिरतीची अशी वाट काढली, की ऐकणाऱ्यास गायकीचा भास व्हावा. अल्पक्षमतेच्या वाद्यावरही समृद्ध हस्तकौशल्य उभे राहू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच वेळी, खरी मींड त्या वाद्यात नाही ही उणीव कौशल्याने झाकली जाते, भरून निघत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

३. मुंबईचे चित्रपटसंगीत : क्लॅव्हिओलाइन ते सिंथेसायझर

विजेवर चालणारे स्वरयंत्र महाराष्ट्रातील सामान्य श्रोत्याच्या कानी पडले ते मुंबईच्या चित्रपटसंगीतातून. १९५४ च्या ‘नागिन’ या चित्रपटातील पुंगीचा नाद प्रत्यक्ष पुंगीचा नव्हता. हेमंतकुमार यांच्या संगीतात तो कल्याणजी यांनी क्लॅव्हिओलाइनवर व रवी यांनी हार्मोनियमच्या साथीने साधला. कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास घडवलेले हे वाद्य फार थोडे करू शकत असे. एका वेळी एकच स्वर, छोटी पट्टीमाला, नाद बदलणारे काही खटके आणि आवाजाचा जोर नियंत्रित करण्यासाठी गुडघ्याने ढकलायचा दांडा, एवढीच त्याची सामग्री. परंतु ही सगळी सामग्री वादकाच्या शरीराच्या कक्षेत होती. पुंगीची ओळख पटवण्यास ती पुरेशी ठरली.

१९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी सुट्या घटकांचा सिंथेसायझर सिद्ध केला. ध्वनी निर्माण करणारा घटक, गाळणारा घटक, जोर ठरवणारा घटक असे वेगवेगळे कप्पे जोडतारांनी एकमेकांस जोडायचे आणि विजेच्या दाबाने एकाने दुसऱ्यावर नियंत्रण ठेवायचे, हे त्याचे तत्त्व. दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो, हा संकेत पुढे व्यापक प्रमाणावर स्वीकारला गेला. याच काळात कॅलिफोर्नियात डॉन बुकला यांनी पट्टीमालेऐवजी स्पर्शफलक वापरले. त्यांच्या मते पट्टीमाला दिली की वादकाचा हात जुन्याच सवयींनी चालतो. म्हणजे मॉड्युलर वाद्याच्या जन्माबरोबरच हाताविषयीचा वादही जन्मला.

भारतात असे मॉड्युलर मूग यंत्र १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. डेव्हिड ट्यूडर यांनी तेथील स्टुडिओच्या उभारणीस साहाय्य केले. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे काम केले. हे काम १९७२ नंतर थांबले व दीर्घकाळ विस्मरणात गेले. त्यातील ध्वनिमुद्रणे पॉल पर्गस यांच्या प्रयत्नाने २०२३ मध्ये प्रकाशित झाली. ही घटना शेजारच्या राज्यातील असली तरी तिचा उल्लेख अपरिहार्य आहे. कारण राग, ताल आणि श्रुतिविचार यांच्या परिसरात मॉड्युलर यंत्र प्रथम आले ते तेथेच.

मुंबईत मात्र भिंतभर पसरणारे मॉड्युलर यंत्र उपयोगाचे नव्हते. ध्वनिमुद्रणकक्षाचे भाडे तासाला मोजले जाई, वादक ताटकळत असत, आणि जोडतारा उपसून नवा ध्वनी रचण्यास अवधी नसे. १९७० मध्ये आलेल्या मिनिमूगने हा प्रश्न सोडवला. त्यात घटकांची जोडणी आतूनच कायम केलेली होती. क्षमता मुद्दाम कमी केली होती. परंतु प्रत्येक गुणधर्माला स्वतंत्र घुंडी होती आणि डाव्या हाताशी स्वर चढवण्या-उतरवण्याचे चक्र होते. भारतीय संगीताच्या दृष्टीने हे चक्र फार मोलाचे. पेटीवर अशक्य असलेली मींड येथे डाव्या हाताच्या अंगठ्याखाली आली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मूग आणण्याचे श्रेय १९७० च्या दशकातील वादक व संयोजक केरसी लॉर्ड यांना दिले जाते.

याच परंपरेतील चरणजित सिंग यांची १९८२ ची ध्वनिमुद्रिका या निबंधाच्या विषयासाठी विशेष लक्षणीय आहे. त्यांनी ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही रोलँडची तीन यंत्रे वापरून भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. पैकी टीबी-३०३ हे यंत्र गिटारवादकांना खर्जाची साथ मिळावी एवढ्याचसाठी बनवलेले होते. त्याची क्षमता तुटपुंजी. एका वेळी एक स्वर. परंतु त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती आणि नादाचा पोत वादन चालू असताना पालटणाऱ्या मोजक्या घुंड्या होत्या. या दोन गोष्टींमुळे ते रागाच्या चलनाला अनपेक्षितपणे जुळले. ध्वनिमुद्रिकेला त्या वेळी यश आले नाही. २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाल्यावर, १९८७ मध्ये शिकागोतून उदयास आलेल्या ॲसिड संगीताशी असलेले तिचे साम्य पाहून जाणकार चकित झाले. हे साम्य अनुकरणातून आलेले नाही. एकाच यंत्राच्या त्याच घुंड्यांवर दोन दूरच्या संस्कृतींचे हात पडले आणि त्यातून जवळचे ध्वनी निघाले.

४. अंकीय पर्व : क्षमतेचा पूर आणि हाताचा संकोच

१९८३ मध्ये यामाहाच्या डीएक्स-७ ने चित्र पालटले. एकाच वेळी १६ स्वर, प्रत्येक स्वरामागे सहा ध्वनिघटक आणि त्यांच्या जोडणीचे ३२ प्रकार, अशी त्याची क्षमता होती. एका ध्वनीमागे बदलता येण्याजोग्या बाबी शंभराहून अधिक होत्या. त्या बदलण्यासाठी मात्र सपाट बटणे, छोटा पडदा आणि माहिती भरण्यासाठी एकच सरकपट्टी देण्यात आली. एका वेळी एकच बाब हाताशी येई. बहुसंख्य वादकांनी कारखान्यातून भरून आलेले तयार ध्वनीच वापरले. क्षमता अनेक पटींनी वाढली आणि ध्वनी घडवणारा हात व्यवहारतः निवड करणारे बोट होऊन बसला.

ही वाढ अपरिहार्य होती, कारण प्रक्रियाशक्ती सतत स्वस्त होत गेली. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, ही राष्ट्रीय अभिमानाची घटना होती. आज साध्या मोबाइल संचात त्याहून अधिक गणनशक्ती असते. हाताची बोटे मात्र दहाच आहेत.

अंकीय साधनांनी हाताच्या सूक्ष्म क्रियांवर प्रकाशही टाकला, हे येथे सांगितले पाहिजे. १९८० च्या दशकात मुंबईच्या एनसीपीए या संस्थेत बर्नार्ड बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गायनातील स्वररेषा यंत्राने आलेखित करण्याचे काम केले. त्या आलेखांत स्वर ठिपक्यांच्या मालिकेसारखे न दिसता अखंड वळणांच्या रेषेसारखे दिसतात. याचा अर्थ असा, की बारा काय नि बावीस काय, स्वरस्थानांची यादी वाढवून रागाचे पूर्ण चित्र हाती येत नाही. हवी असते ती अखंड बदलत राहणारी, हाताच्या ताब्यातील हालचाल. देवल-क्लेमेंट्स यांच्या श्रुतिपेटीची मर्यादा येथे नव्या प्रकाशात दिसते.

५. मॉड्युलरचे पुनरागमन

१९९० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीतील डीटर डोपफर यांनी ए-१०० ही सुट्या घटकांची मालिका आणली. तिच्यातून युरोरॅक हे प्रमाण रूढ झाले. घटकाच्या फलकाची उंची १२८.५ मिलिमीटर आणि रुंदीचे एकक ५.०८ मिलिमीटर. या मापांमुळे आपल्या प्रश्नाला एक अंकगणिती रूप देता येते. ८४ एककांची एक ओळ म्हणजे सुमारे ४२.७ सेंटिमीटर. बोटे एकमेकांस न अडखळता फिरवता यावी म्हणून प्रत्येक घुंडीस दोन सेंटिमीटरचा चौरस दिला, तर आडव्या २१ व उभ्या ६ अशा जास्तीत जास्त १२६ घुंड्या बसतील. तेही जोडतारांच्या छिद्रांना व अक्षरांना अजिबात जागा न ठेवता. घटकाच्या आतील सूक्ष्मप्रक्रियक दर काही वर्षांनी अधिक शक्तिमान होतो. फलकाचे क्षेत्रफळ मात्र एका चौरस सेंटिमीटरनेही वाढत नाही.

या कोंडीतून दोन वाटा निघालेल्या दिसतात. पहिली वाट एकाच छोट्या फलकामागे अनेक कामे दडवण्याची. एक्स्पर्ट स्लीपर्सचा डिस्टिंग हा जेमतेम चार एकके रुंदीचा घटक डझनावारी कामे करतो. प्रवासी वादकाला तो उपकारक आहे. परंतु आज कोणते काम निवडले आहे यावर घुंडीचा अर्थ अवलंबून राहतो आणि तो ध्यानात ठेवण्याचे ओझे वादकावर पडते.

दुसरी वाट फ्रान्समधील एमिली जिले यांच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या घटकांत दिसते. त्यांच्या ब्रेड्स या घटकात चाळीसहून अधिक ध्वनिप्रतिमाने होती आणि ती चार अक्षरी पडद्यावर वाचून निवडावी लागत. २०१८ मध्ये त्याची जागा प्लेट्स या घटकाने घेतली. त्यात अधिक समर्थ प्रक्रियक होता. तरीही पडदा काढून टाकला गेला आणि प्रतिमानांची संख्या प्रारंभी सोळावर आणली गेली. सर्व प्रतिमानांसाठी त्याच तीन मुख्य घुंड्या ठेवण्यात आल्या. वाढलेली शक्ती पर्यायांची यादी लांबवण्याऐवजी प्रत्येक घुंडीच्या फिरकीत अधिक सूक्ष्म व अर्थपूर्ण बदल भरण्यासाठी खर्च झाली. ही संस्था २०२२ मध्ये बंद झाली, परंतु तिच्या रचना व आज्ञावली मुक्तपणे उपलब्ध असल्याने अभ्यासकांना त्या आजही तपासता येतात.

६. मिरजेचा दाखला

या दुसऱ्या वाटेचे एक जुने उदाहरण आपल्याकडे मिरजेत आहे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांतून तेथील तंतुवाद्यांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. तानपुऱ्याची ‘क्षमता’ यंत्राच्या परिभाषेत नगण्य म्हणावी लागेल : चार तारा, त्याही एका ठरीव क्रमाने छेडायच्या. पण त्याचे हस्तनियंत्रण पाहावे. खुंटीने स्वर ढोबळ मानाने जुळतो, मण्याने तो केसभर सरकतो, आणि घोडीवर तारेखालून घेतलेल्या सुताच्या दोऱ्याने नादातील उपस्वरांचा सगळा झणत्कार उमलतो किंवा मिटतो. सूत किंचित पुढेमागे केले की जवारी खुलते. एका दोऱ्याच्या हालचालीत नादाचे अख्खे विश्व सामावलेले असून त्यासाठी कोणतीही यादी वाचावी लागत नाही.

१९७९ च्या सुमारास बंगळूरच्या राडेल संस्थेने इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला व तो घरोघरी पोहोचला. रियाजासाठी तो निःसंशय सोयीचा आहे आणि दुसरा साथीदार नसलेल्या विद्यार्थ्याला त्याने मोठा आधार दिला आहे. परंतु तानपुरा जुळवण्याच्या कष्टातून कान तयार होतो, तो टप्पा त्यात गळून पडतो. तयार सूर मिळालेला विद्यार्थी तो जुळवायला शिकतोच असे नाही. हस्तनियंत्रणाचा प्रश्न केवळ सोयीचा नसून ज्ञानाच्या हस्तांतरणाचा आहे, हे येथे स्पष्ट होते.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) क्षमता व हस्तनियंत्रण यांतील ताण संगणकाने निर्माण केलेला नाही. श्रुतिपेटीच्या काळी तो पट्ट्यांच्या संख्येत दिसला; आज तो फलकाच्या क्षेत्रफळात दिसतो.

(२) वाद्याची क्षमता वाढवणे आणि त्याचे वादन समृद्ध करणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. क्लॅव्हिओलाइन, टीबी-३०३ आणि तानपुरा ही अल्पक्षमतेची वाद्ये हस्तनियंत्रणाच्या बळावर टिकली. डीएक्स-७ ची अफाट क्षमता बहुतांशी अस्पर्शित राहिली.

(३) यशस्वी रचनेचे गमक कामांच्या वाटणीत आहे. जे वादनापूर्वी ठरवता येते ते खुंटीकडे किंवा यादीकडे द्यावे. जे वादनाच्या क्षणी बदलायचे ते हाताशीच, नेहमी एकाच जागी व एकाच अर्थाने असावे.

(४) भारतीय संगीताची विशेष गरज अखंड स्वरगतीची आहे. तिच्यासाठी स्वरस्थानांच्या संख्येपेक्षा मींडेचे साधन, मग ते चक्र असो, स्पर्शफलक असो वा ताणलेली तार असो, अधिक महत्त्वाचे ठरते.

शिक्षणाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. महाविद्यालये वाद्ये, प्रयोगशाळेतील उपकरणे आणि यंत्रे खरेदी करताना तुलनातक्त्यात क्षमतेचे रकाने भरतात. हाताला काय करता येते, याचा रकाना त्यात क्वचितच असतो. परिणामी विद्यार्थी पर्याय निवडण्यात तरबेज होतो आणि जुळवण्यात कच्चा राहतो. चाकण-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात, जिथे इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आणि कुशल कारागीर एकाच वस्तीत राहतात, तिथे संगीत, इलेक्ट्रॉनिक्स व यंत्रशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन मुक्त रचनांवर आधारित छोटे स्वरघटक बनवणे मुळीच अशक्य नाही. असा उपक्रम हाती घेतल्यास पहिला प्रश्न प्रक्रियक कोणता घ्यावा हा नसावा. विद्यार्थ्याचा हात कोठे पडेल आणि तो हलल्यावर कानाला काय ऐकू येईल, येथून आरंभ व्हावा.